फुकट, मुक्त आणि पेढीचा संगणक

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा झाला म्हणजे त्याचे अक्षर, त्याचा हिशेब आणि त्याची सचोटी पाहिल्यावाचून आपण त्याच्या हाती किल्ल्या देत नाही. परंतु रोजमेळापासून वसुलीपर्यंतचा सर्व व्यवहार ज्या संगणकावर चालतो, त्याचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच मूळ प्रणाली, कोणती आहे, ती कोणाच्या हुकमतीत आहे, तिची मुदत केव्हा संपते, ह्याची चौकशी आपणांपैकी फारच थोडे करतात. यंत्राबरोबर जी आली ती आपली, अशीच आजवरची रीत.

ही रीत आता पुरेनाशी झाली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली खरी. पण मुदतवाढ म्हणजे हुंडीचा वायदा पुढे ढकलणे होय, त्याने देणे फिटत नाही. त्या तारखेस कोणाचे यंत्र बंद पडले नाही, तथापि नव्याने सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती त्याला नित्यनेमाने मिळेनाशी झाली. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-योजना आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारणतः २०१८ सालापूर्वीची यंत्रे, ती कितीही सुस्थितीत असली तरी, त्या पंक्तीत बसत नाहीत.

अशा यंत्राच्या धन्याने नवे यंत्र घ्यावे, किंवा जोखीम पत्करून जुनेच चालवावे, किंवा त्याच यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी. ह्या शेवटच्या मार्गाविषयी आपल्या मंडळींत जितके कुतूहल आहे तितकेच गैरसमजही आहेत. ते केवळ आपल्याच वाट्याला आले आहेत असे मात्र कोणी समजू नये. विलायतेतील व अमेरिकेतील शहाण्यासुरत्या माणसांनीही त्यात भरपूर भर घातली आहे. त्यांतील काही गमती सांगत सांगत निवडीचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

एका शब्दाचा घोटाळा

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इंग्रजीतील 'फ्री' ह्या एका शब्दात आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'जीएनयू' ह्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना 'फ्री' ह्या शब्दाने स्वातंत्र्य अभिप्रेत होते. संगणकाचा कार्यक्रम हवा तसा चालविण्याचा, त्याची आतील रचना पाहण्याचा व बदलण्याचा, त्याच्या प्रती इतरांस देण्याचा, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचा, असे चार अधिकार घेणाऱ्याला असावेत हा त्यांचा आग्रह. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला, आणि १९९२ साली तो जीएनयूच्याच परवान्याखाली खुला केला. ह्या दोन धारा एकत्र येऊन जी प्रणाली सिद्ध झाली, तिला लोक 'लिनक्स' म्हणून ओळखतात.

इंग्रज वाचकाला 'फ्री' म्हटले की प्रथम 'फुकट' असाच अर्थ दिसतो. तो घोटाळा टाळण्याच्या हेतूनेच १९९८ साली 'ओपन सोर्स' हा दुसरा शब्द पुढे आला. मराठीला ही अडचण मुळीच नाही. फुकट म्हणजे दाम न पडणारे, आणि मुक्त म्हणजे बंधन नसलेले, हा भेद आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतो. मसाल्याची बंद पुडी आपण विकत घेतली तर ती वापरता येते, पण तिच्यात काय किती घातले आहे ते कळत नाही. त्याच पुडीबरोबर प्रमाणाचा कागद मिळाला, आणि 'ह्याप्रमाणे करा, तिखट कमी करा, शेजाऱ्याला द्या, हवे तर विका' अशी मोकळीक मिळाली, तर तो मसाला मुक्त झाला. मग पुडीचे दाम पडले असोत वा नसोत.

'मग ही माणसे खातात काय?' असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात आलाच पाहिजे. त्याचे उत्तर असे की येथे दाम मालाचे नसून बहुधा सेवेचे असते. मोठमोठ्या कंपन्या, बँका व सरकारे ही प्रणाली नीट चालती ठेवण्यासाठी वार्षिक करार करतात व त्याचे पैसे मोजतात. ह्याच धंद्यावर उभी राहिलेली 'रेड हॅट' ही कंपनी आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. फुकटच्या दुकानाला कोणी इतकी किंमत देत नाही.

शहाण्यांच्या गमती

हा भेद न कळल्यामुळे काय होते, त्याचे एक उदाहरण इंग्लंडातील आहे. तेथील व्यापारी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या खात्यातील एका अधिकारी बाईंना काही दुकानदार 'फायरफॉक्स' ह्या मुक्त कार्यक्रमाच्या प्रती विकताना आढळले. ही चोरी आहे असे समजून त्यांनी मालकांकडे, म्हणजे मोझिला प्रतिष्ठानाकडे, विचारणा केली. उत्तर आले की प्रती करण्यास व विकण्यास आमची परवानगी आहे. ह्या उत्तराने बाईंचे समाधान होण्याऐवजी पंचाईतच झाली. तुम्ही अशी मोकळीक देऊ लागलात तर चोरीचा माल कोणता व खरा कोणता हे आम्ही ओळखावे कसे, असा त्यांचा सवाल. जो माल चोरता येतच नाही त्याच्या चोरीचा तपास कसा करावा, हा पेच त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता. मोझिलाचे गर्व्हेज मार्कहॅम यांनी ही हकीकत २००६ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून सांगितली.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील टटल नावाच्या छोट्या गावी दुसरा प्रसंग घडला. गावाचे संकेतस्थळ ज्या यंत्रावर होते त्याची मांडणी बिघडली, आणि गावाच्या माहितीऐवजी 'सेंटओएस' ह्या लिनक्स-प्रकाराचे चाचणीचे पान दिसू लागले. गावाच्या व्यवस्थापकांनी ते नाव वाचून सेंटओएसवाल्यांनीच आपले स्थळ बळकावले असा निष्कर्ष काढला, आणि ताबडतोब चालते व्हा, नाही तर केंद्रीय पोलिसांकडे जातो, असे त्यांना पत्राने बजावले. दुकानाच्या दारास लागलेले कुलूप पाहून कुलपाच्या कारखानदारावर फिर्याद करावी, त्यातलाच हा प्रकार! सेंटओएसच्या मंडळींनी मात्र न रागावता चौकशी केली, यंत्र कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे ते शोधून दिले, आणि तंटा मिटला. मुक्त प्रणालीच्या जगात मदत करणारे लोक कोणत्या मातीचे असतात, हेही ह्यावरून दिसते.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी २००८ सालच्या डिसेंबरात एका शिक्षिकेने विद्यार्थ्याजवळच्या लिनक्सच्या तबकड्या जप्त केल्या. कोणताही कार्यक्रम फुकट नसतो, आणि मुलांत असा समज पसरविणे घातक आहे, असे तिने त्या तबकड्या पुरविणाऱ्या गृहस्थाला कळविले. पुढे दोघांचा समेट झाला. शिक्षिकेचा हेतू वाईट नव्हता. मुलाने चोरीचा माल वाटू नये एवढीच तिची इच्छा होती. फक्त हा माल चोरीचा नव्हता.

चौथी हकीकत हसून सोडून देण्याजोगी नाही. २००९ सालच्या जानेवारीत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील एका तरुणीची कथा दूरचित्रवाणीवर आली. तिने नवा संगणक मागविला, त्यात 'उबंटू' ही लिनक्स प्रणाली आहे हे तिच्या उशिरा लक्षात आले. इंटरनेट देणाऱ्या कंपनीची तबकडी त्यावर चालेना. महाविद्यालयाला 'वर्ड' ह्या कार्यक्रमातील लेखन हवे, आणि तो आपल्याकडे नाही, अशी तिची समजूत झाली. आणि तिने त्या वर्षीचे घरबसल्याचे शिक्षणच सोडून दिले. नंतर उघड झाले ते असे की त्या तबकडीवाचूनही जोडणी होऊ शकत होती, आणि उबंटूमधील लेखन-कार्यक्रमात तयार केलेले कागद महाविद्यालयास चालत होते. लोकांनी त्या मुलीची थट्टा केली, काहींनी तिला दूषणे दिली. वास्तविक दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. योग्य वेळी दोन वाक्ये सांगणारे माणूस तिला भेटले नाही. गैरसमजाची किंमत कधी कधी अशी वर्षात मोजावी लागते, आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत ती खात्यात मोजावी लागते.

भिववणारे शब्द, फसविणाऱ्या सवयी

आपल्या घरांतून ह्या प्रणालीची भाषा ऐकली तर एखादी आजी घाबरून जाईल. चालू काम थांबविण्याच्या हुकमाचे नाव 'किल', म्हणजे ठार मार. एका कामातून निघालेल्या दुसऱ्या कामाला 'चाइल्ड' म्हणतात. मूळ काम आधी संपले तर हे मूल 'ऑर्फन', म्हणजे पोरके होते. आणि काम संपूनही ज्याची नोंद वहीतून निघाली नाही ते 'झॉम्बी', म्हणजे चालते प्रेत. पडद्याआड मुकाट्याने राबणाऱ्या कार्यक्रमांस 'डीमन' असे नाव आहे. हे नाव अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत १९६३ सालच्या सुमारास रूढ झाले, आणि मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या एका अदृश्य कामकऱ्यावरून ते घेतले आहे. सैतानाशी त्याचा काही संबंध नाही. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने 'किल' हा हुकूम निःशंकपणे द्यावा. त्यात कोणाही जीवास इजा होत नाही. नवशिक्याला हे शब्द रोज भेटतही नाहीत, कारण त्याचे सर्व काम चित्रे व खिडक्या यांवरच होते.

रोजच्या वापरातील गमती निराळ्या. परवलीचा शब्द टाइप करताना काही प्रकारांत काळ्या पडद्यावर ठिपकादेखील उमटत नाही. नवशिका समजतो की कळफलक बिघडला. वस्तुतः शब्दाची लांबीही कोणास कळू नये म्हणून केलेली ती योजना आहे. दुसरा माणूस विंडोजच्या सवयीने इंटरनेटवरून '.ईएक्सई' जातीची फाइल उतरवून घेतो, आणि ती उघडत नाही म्हणून प्रणालीला बोल लावतो. येथे नवे कार्यक्रम प्रणालीच्याच भांडारातून, बसल्या जागी, निवडून घ्यावयाचे असतात. तिसरा 'सी ड्राइव्ह' शोधत बसतो. त्याचे कागद 'होम' नावाच्या घरात सुखरूप असतात. इंग्रजी मोठ्या अक्षराने लिहिलेले नाव व लहान अक्षराने लिहिलेले तेच नाव येथे दोन स्वतंत्र फाइली मानल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे. नाही तर एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती होतात.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. लिनक्सला व्हायरस बाधत नाही, असे उत्साही मंडळी सांगतात. त्याचा प्रादुर्भाव घरगुती यंत्रांवर कमी आढळतो हे खरे. पण दूरध्वनीवरून गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापुढे कोणतीही प्रणाली आपले रक्षण करू शकत नाही. आणि जो गृहस्थ 'मी लिनक्स कधी पाहिलेही नाही' असे म्हणतो, त्याच्या खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालत असतो.

कोणती निवडावी

लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत; त्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. गाभा एकच, मांडणी निरनिराळी. एकाच कापसाची निरनिराळी वस्त्रे असावीत, तसे हे आहे. नवशिक्याने तीनचार नावांपलीकडे जाऊ नये.

'लिनक्स मिंट' हे २००६ सालापासून निघत असलेले रूप नवख्यास सर्वांत सोयीचे. पडद्याच्या खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, ही मांडणी विंडोजवाल्यास ओळखीची वाटते. त्यासाठी किमान २ जीबी, आणि सुखाने चालावे तर ४ जीबी स्मृती, व तबकडीवर किमान २० जीबी जागा लागते. यंत्र अधिक जुने असल्यास त्याची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. २०२४ साली निघालेल्या मिंट २२ ह्या मालिकेस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत.

'उबंटू' हे २००४ साली दक्षिण आफ्रिकेचे उद्योगपती मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने निघाले; त्या नावाचा आफ्रिकी भाषांतील अर्थ माणुसकी असा आहे. दर दोन वर्षांनी, सम सालाच्या एप्रिलात, त्याची दीर्घ आधाराची आवृत्ती निघते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. व्यापाऱ्याने हीच घ्यावी. मधल्या आवृत्त्यांच्या मोहात पडू नये. मांडणी थोडी अपरिचित वाटते, पण मदत मात्र जगभर मिळते. आयर्लंडातील दोघा भावांनी चालविलेले 'झोरिन' हे रूप देखणे असून विंडोज सोडून येणाऱ्यांसाठीच बेतलेले आहे. आपल्या देशात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे रूप भारतीय भाषांची सोय ठेवून काढले आहे. केरळातील शाळांत मुले अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत, त्यावरून ही विद्या कठीण नाही हे उघड आहे.

ह्यांतून निवड करताना कसोटी एकच लावावी. अडल्या वेळी आपल्या गावात, आपल्या भाषेत, ह्यातले कोण जाणते? पुतण्या, दुरुस्तीवाला किंवा महाविद्यालयातील एखादा मुलगा जी प्रणाली वापरतो, तीच आपल्याला उत्तम. गुणाने श्रेष्ठ पण ओळखीचा माणूस नसलेली प्रणाली म्हणजे परगावचा उत्कृष्ट वैद्य. रात्री तो उपयोगी पडत नाही.

व्यापाऱ्याच्या खऱ्या अडचणी

येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्यात सर्रास वापरली जाणारी 'टॅली' विंडोजसाठी बनविलेली आहे. लिनक्ससाठी तिची स्वतंत्र आवृत्ती नाही. काही जण 'वाइन' नावाच्या मध्यस्थ कार्यक्रमाच्या साहाय्याने ती चालवितात, परंतु पेढीचा मुख्य हिशेब अशा भरवशावर ठेवू नये. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी एक यंत्र आधार चालू असलेल्या विंडोजवर ठेवावे, आणि पत्रव्यवहार, दरपत्रके, बँक, जीएसटीचे संकेतस्थळ ह्यांसाठीची बाकीची यंत्रे लिनक्सवर न्यावीत. 'नूकॅश' हा मुक्त हिशेब-कार्यक्रम दुहेरी नोंदीचा आहे, छोट्या दुकानास तो पुरतो. मात्र ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे त्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणाराच कार्यक्रम वापरणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांनी लेखापरीक्षकाच्या सल्ल्यावाचून पाऊल टाकू नये.

डिजिटल सहीची कळ, तिकीटवजा पावत्या छापणारा प्रिंटर आणि वजनकाटा ही उपकरणे आधी लावून पाहावीत. बारकोड वाचणारे यंत्र बहुधा कळफलकाप्रमाणेच वागते व लगेच चालते. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी अशा दोन्ही मांडण्या उपलब्ध आहेत. परंतु 'कृतिदेव'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय नीट दिसणार नाहीत. आपल्या आजोबांच्या मोडी वह्या घरात असूनही आपल्यास वाचता येत नाहीत, तसाच हा प्रकार. यासाठी नवे कागद तरी खुल्या स्वरूपात ठेवावेत, म्हणजे उद्या प्रणाली बदलली तरी ते उघडतील. मिंटबरोबर येणारा व उबंटूवरही बसविता येणारा 'लिब्रेऑफिस' हा कार्यक्रम असे खुले स्वरूप वापरतो, आणि वर्ड व एक्सेलचे कागदही उघडतो.

आधी नमुना, मग सौदा

धान्याच्या पोत्यात बांबी खुपसून मूठभर दाणे पाहिल्याशिवाय आपण गाडी उतरवून घेत नाही. लिनक्सने हीच सोय ठेवली आहे. प्रणालीची प्रत एका ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून यंत्र त्यावरून सुरू करता येते. आतील विंडोजला धक्का लागत नाही. ध्वनी, वायफाय, प्रिंटर, मराठी अक्षरे सर्व तपासावे, आठवडाभर वापरावे, पटले नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा.

प्रत मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी, आणि तेथे दिलेल्या तपासणी-अंकाशी ती ताडून पाहावी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी चोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून खऱ्या प्रतीच्या जागी खोट घातलेल्या प्रतीचा दुवा लावला होता. लबाडी त्याच दिवशी उघडकीस आली, पण ज्यांनी ताडून पाहिले तेच निश्चिंत राहिले.

कायमची बसवणी करताना एका पडद्यावर 'तबकडी पुसून बसवा' आणि 'आहे त्याशेजारी बसवा' असे दोन पर्याय येतात. सर्व गमती येथे संपतात. पहिला पर्याय दाबला की त्या तबकडीवरील सारे काही जाते, आणि जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून बसवणीपूर्वी सर्व दप्तराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर घ्याव्यात, त्यांतील एक घरी ठेवावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न वटविलेला धनादेश. मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या गर्दीत हा उद्योग करू नये. धंदा मंद असतो अशा पंधरवड्यात करावा, आणि प्रथम एकाच यंत्रावर करावा.

एवढी काळजी घेतली म्हणजे जुने पण धट्टेकट्टे यंत्र आणखी काही वर्षे सेवेस राहते, नव्या यंत्राचा खर्च वाचतो, आणि पेढीच्या किल्ल्या आपल्याच कनवटीस राहतात. ज्यांना हे जमेल त्यांनी एक उपकार मात्र अवश्य करावा. शेजारच्या दुकानदाराने भाबडा प्रश्न विचारला तर त्याला हसू नये, दोन वाक्ये नीट समजावून सांगावीत. मॅडिसनच्या त्या मुलीला तेवढीच हवी होती.